रिमाइंडरांचा मेळ कां बसत नाहीं ?

एका फोनवर लिहून ठेवलेली आठवण दुसऱ्या फोनवर वेळेला वाजली नाहीं, ही तक्रार आतां घरोघर ऐकूं येते. विजेचें बिल भरण्याची तारीख निघून जाते, विम्याचा हप्ता राहतो, आणि क्वचित् प्रसंगीं घरांतील वृद्ध माणसाचें औषधहि चुकतें. मग कोणी फोनला बोल लावतो, कोणी ॲपला, तर कोणी नेटवर्कला. पुष्कळदां संतापाच्या भरांत ॲप काढून टाकून तें पुन्हां बसविलें जातें. त्यामुळें मूळचा दोष तसाच राहतो आणि उरलीसुरली नोंद मात्र नाहींशी होते. हा घोटाळा नेमका कोठें होतो व तो शांतपणें कसा शोधून काढावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. दोन फोनांवर दिसणारी नोंद ही एकच वस्तु आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः तिच्या निदान तीन प्रती असतात : एक लिहिणाऱ्याच्या फोनमध्यें, दुसरी दुसऱ्या फोनमध्यें, आणि तिसरी सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. एखाद्या पेढीचें उदाहरण घ्या. मुख्य कचेरी एक, शाखा दोन, आणि प्रत्येकीची वही वेगळी. पहिल्या शाखेनें आपली नोंद मुख्य कचेरीस कळवावी, आणि मुख्य कचेरीनें ती दुसऱ्या शाखेस कळवावी, तेव्हां तिन्ही वह्यांचा मेळ बसतो. आपण ज्याला सिंक म्हणतों तो हाच रोजमेळ होय. मात्र फोन सर्व्हरला सगळी वही वाचून दाखवावयास सांगत नाहीं; 'मागच्या मेळानंतर काय बदललें ?' एवढेंच तो बहुधा विचारतो. हा प्रश्न विचारला गेला नाहीं, किंवा भलत्याच कचेरीला विचारला गेला, कीं दुसरा फोन जुन्याच वहीवर विसंबून स्वस्थ बसतो.

दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. नोंद पोंचणें आणि गजर वाजणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. नोंद नेटवर्कच्या द्वारें येते. गजर मात्र पुष्कळ ॲपांत तो तो फोन आपल्याजवळच्या प्रतीवरून स्वतःच वाजवितो. म्हणून नोंद पोंचलेली असूनहि गजर वाजत नाहीं, असें घडूं शकतें. या दोहोंतील भेद ज्यानें ओळखला, त्याचें निम्मेंअधिक काम झालें असें समजावें.

हा भेद पाहण्याची रीत सोपी आहे. दहा मिनिटांनंतरची एक चांचणीची नोंद पहिल्या फोनवर करावी. त्या सेवेची यादी संगणकाच्या ब्राउझरमध्यें उघडतां येत असेल, तर ती तेथें दिसते कीं नाहीं हें पाहावें. ब्राउझरमध्यें दिसते ती मुख्य कचेरीची वही. तेथें नोंद नसेल तर दोष पाठविणाऱ्या फोनकडे आहे. तेथें ती आहे पण दुसऱ्या फोनच्या यादींत नाहीं, असें असल्यास दोष घेणाऱ्या फोनकडे आहे. आणि यादींत दिसत असूनहि गजर वाजला नाहीं, तर नेटवर्कला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो फोनच्या परवानग्यांचा प्रश्न आहे. हीच परीक्षा मग उलट दिशेनेंहि करावी, कारण जाणारी वाट मोकळी आणि येणारी बंद, असाहि प्रकार आढळतो.

नोंद पोंचतच नसेल, तर सर्वांत आधीं खातें तपासावें. दोन्ही फोनांवर एकाच ॲपचें चिन्ह दिसतें, परंतु एकावर घरचें खातें असतें आणि दुसऱ्यावर कामाचें. आयफोनमध्यें कांहीं याद्या आयक्लाउडमध्यें असतात, तर कांहीं त्या फोनपुरत्याच ठेवलेल्या असूं शकतात. या दुसऱ्या प्रकारच्या यादींतील नोंद बाहेर जाणारच नाहीं. त्यानंतर ॲपची व प्रणालीची आवृत्ति पाहावी. २०१९ च्या सप्टेंबरांत ॲपलनें आयओएस १३ बरोबर रिमाइंडर ॲपची रचनाच बदलली. ज्यांनीं आयक्लाउडमधील याद्या नव्या रचनेंत नेल्या, त्यांच्या नव्या नोंदी जुन्या प्रणालीच्या यंत्रांवर दिसेनाशा झाल्या. मॅक संगणकांसाठीं कॅटालिना ही नवी प्रणाली ऑक्टोबरांत आली. तोंपर्यंत हातांतील फोन आणि मेजावरील संगणक यांचा अबोलाच होता. गूगलनेंहि २०२३ सालीं कॅलेंडर आणि असिस्टंट यांतील रिमाइंडर 'टास्क्स'मध्यें हलविले. अशा वेळीं जुन्या जागीं नोंद शोधणारा मनुष्य ती हरवली असें समजतो. वास्तविक तिनें बिऱ्हाड बदललेलें असतें.

कित्येक घरीं अनुभव असा कीं, ॲप उघडतांच सगळ्या नोंदी धांवत येतात, एरवीं येत नाहींत. हें बॅटरीच्या काटकसरीचें लक्षण आहे. अँड्रॉइडच्या ६ व्या आवृत्तींत, म्हणजे २०१५ सालीं, 'डोझ' नांवाची योजना आली. चार्जर न लावलेला फोन पडदा बंद करून कांहीं वेळ निश्चल पडून राहिला, कीं तो ॲपांचें नेटवर्क बंद करतो आणि मधून मधून थोडा वेळच तें उघडतो. यांतून बॅटरी वांचते, पण मेळ लांबणीवर पडतो. कांहीं फोन बनविणाऱ्या कंपन्यांनीं यावर आपलेहि निर्बंध घातलेले असतात. उपाय असा कीं, बॅटरीच्या सेटिंग्जमध्यें त्या एका ॲपापुरता निर्बंध काढावा व डेटा-बचतींतूनहि त्यास सूट द्यावी. तसेंच, अँड्रॉइडमध्यें ॲप 'फोर्स स्टॉप' करण्याची संवय सोडावी. तसें केल्यानें त्या ॲपनें लावून ठेवलेले गजरहि रद्द होतात आणि तें पुन्हां उघडीपर्यंत गप्प राहतें. आयफोनवर लो पॉवर मोड चालू असतां ॲपांचें पडद्यामागील काम कमी होतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

नोंद दिसते पण गजर नाहीं, अशा वेळीं परवानग्या पाहाव्या. अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, नेमक्या मिनिटाला गजर वाजविण्यासाठीं 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' ही स्वतंत्र परवानगी आली. १३ व्या आवृत्तीपासून नोटिफिकेशनलाहि संमति द्यावी लागते. नवा फोन घेतल्यावर घाईघाईंत 'नको' असें बोट लागलें असेल, तर जुना फोन वाजतो आणि नवा मुका राहतो. त्याचप्रमाणें 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा आयफोनवरील 'फोकस' चालू राहिला आहे काय, हेंहि पाहावें.

राहतां राहिलें घड्याळ. १९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरानें ३९ मिनिटें मागें असलेली आपली स्थानिक वेळ पुढें कित्येक वर्षें सोडली नव्हती. दोन घड्याळें मानणाऱ्या शहरांत जो गोंधळ होतो, तोच दोन घड्याळें मानणाऱ्या फोनांत होतो. म्हणून दोन्ही फोनांवर तारीख व वेळ आपोआप ठरण्याची सोय चालू ठेवावी. परदेशीं असलेल्या मुलांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. पुण्यास रात्रीचे ८ वाजतात तेव्हां न्यूयॉर्कला उन्हाळ्यांत सकाळचे १०-३० होतात, पण हिवाळ्यांत ९-३०. कारण तेथें घड्याळें वर्षांतून दोनदां बदलतात, आपल्याकडे बदलत नाहींत. न्यूयॉर्कच्या १०-३० ला बांधलेली रोजची आठवण नोव्हेंबरांत पुण्यास रात्रीं ९ वाजतां वाजूं शकेल. आईसाठीं लावलेला गजर आईच्याच फोनवर, तिच्याच वेळेप्रमाणें लावावा हें बरें.

उपाय करतांना क्रम मोडूं नये. आधीं नेटवर्क व खातें, मग आवृत्ति, मग बॅटरी व परवानग्या, आणि त्यानंतर फोन बंद करून पुन्हां चालू करणें. खातें काढणें किंवा ॲप पुसून नव्यानें बसविणें हा अगदीं शेवटचा उपाय. तोहि सर्व्हरवर सर्व नोंदी सुखरूप आहेत याची खात्री करूनच करावा, कारण जी नोंद अजून फोनमधून बाहेर पडलेलीच नाहीं, ती ॲपाबरोबर कायमची जाते. दुबार दिसणारी नोंद पुसतांनाहि सावध राहावें. पुसणें हाहि एक बदलच आहे, आणि तो मेळाबरोबर सर्व फोनांवर पोंचतो.

आतां औषधाविषयीं थोडें. समजा, घरांतील दोघांच्या फोनांवर आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीची एकच आठवण आहे. सूनबाईंनीं गोळी देऊन आपल्या फोनवर 'झालें' अशी खूण केली. पण ती खूण मुलाच्या फोनवर अजून आलेली नाहीं. तो वाजतो, आणि मुलगा चांगल्या हेतूनें दुसरी गोळी देतो. किंवा याच्या उलट, प्रत्येकाला वाटतें कीं दुसऱ्यानें दिली असेल. सगळ्या सेटिंग्ज बिनचूक असल्या तरी हा धोका समूळ जात नाहीं. नेटवर्क तुटलें असतां दोन्ही प्रती सदैव तंतोतंत सारख्याहि राहाव्या आणि दोन्हीकडे बिनखंड लिहितांवाचतांहि यावें, या दोन गोष्टी एकदम साधत नाहींत. एरिक ब्रुअर यांनीं २००० सालीं हें मत मांडलें, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं २००२ सालीं तें गणितानें सिद्ध केलें. म्हणजे मेळाला विलंब लागणें हा नेहमींच कोणाचा तरी हलगर्जीपणा नसतो. वेगवेगळ्या वह्या ठेवण्याची ती किंमत आहे.

म्हणून विसर पडला तर नुसती गैरसोय होईल अशीं कामें खुशाल फोनांच्या मेळावर सोंपवावीं. परंतु औषधाची जबाबदारी एकाच माणसाकडे व एकाच फोनकडे असावी, आणि शेजारीं आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी असावी. गजर वाजला तर आधीं डबी पाहावी. त्या वेळेचा कप्पा रिकामा असेल तर गोळी काढली गेली आहे. मग फोन कांहींहि म्हणो, विचारल्यावांचून दुसरी देऊं नये. कप्पा भरलेला असेल तर गोळी द्यावयाची आहे. फोनचें काम हांक मारण्याचें; गोळी दिली कीं नाहीं याची साक्ष मात्र त्या डबीचीच घ्यावी.