डोळे थकले तरी वाचन थांबू नये



कुपत खोलीमची चिठ्ठी, रक्ततपासणीचा निकाल, बँकेचा हिशेब हे सगळे आता संगणकावर येते. नजर मंदावली की ते वाचायला मुलांना, नातवंडांना हाक मारावी लागते. ती मदत आनंदाने करतात; पण आपल्या आजाराची बातमी आधी दुसऱ्याने वाचावी आणि मग आपल्याला सांगावी, हे प्रत्येकाला रुचत नाही. अशा वेळी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम उपयोगी पडतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात.

आधी डॉक्टरांकडे

वय झाले, आता असेच चालायचे, असे समजून बसू नका. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने बहुधा चांगले दिसू लागते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. उपचारांनी उरलेली जपता येते. मधुमेह असणाऱ्यांनी त्रास नसला तरी डोळ्यांचा पडदा नियमित तपासून घ्यावा. सरळ रेघ वाकडी दिसू लागली, मधोमध डाग आला किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

संगणक बोलता करणे

उबुंटू ही लिनक्स जातीची प्रणाली फुकट मिळते आणि तिच्यात ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर आधीच असतो. घरातल्या जाणत्या माणसाकडून ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि संगणकावर काहीही न बसवता आधी चालवून पाहा. पसंत पडली तरच बसवा. बसवण्यापूर्वी जुने फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर ती पुसली जाण्याची भीती असते.

ऑर्का सुरू करण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ऑल्ट दाबून धरा व एस दाबा. आवाज येऊ लागेल. तेच पुन्हा केले की आवाज बंद. पासवर्ड विचारणाऱ्या पहिल्या पडद्यावरही ही युक्ती चालते. बोलणे मध्येच थांबवायचे असेल तर कंट्रोल दाबा. टॅबने एका बटणावरून पुढच्या बटणावर जाता येते आणि बाणांच्या कळांनी मजकूर ओळीओळीने ऐकता येतो.

इन्सर्ट धरून एच दाबा. आता कोणतीही कळ दाबली की ऑर्का फक्त तिचे नाव सांगतो, काही बिघडत नाही. एस्केप दाबले की हा सराव संपतो. लहान लॅपटॉपवर ऑर्काची मांडणी लॅपटॉपची निवडली, तर इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक वापरतात. नेहमीच्या कळांवर उंचवट्याचे ठिपके चिकटवा, म्हणजे बोटांना त्या सापडतील.

कानांना सवय

पहिल्या दिवशी तो यांत्रिक आवाज कंटाळवाणा वाटेल. इन्सर्ट आणि स्पेस दाबून ऑर्काच्या सेटिंग उघडा आणि वेग कमी करा. वयानुसार बारीक, उंच स्वर ऐकू येणे आधी कमी होते, म्हणून आवाजाची पट्टीही खाली आणा. रविवार ते गुरुवार रोज पंधरा मिनिटे बसा. सुरुवात एखाद्या लहान पत्रापासून करा. थोडे दिसत असतानाच शिकलेले बरे, कारण डोळे आणि कान एकमेकांना मदत करतात.

मराठी, इंग्रजी, हिब्रू

ऑर्कासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजांत मराठीही आहे. उच्चार गोड नसले तरी कळतात. भाषा बदलली की आवाजही बदलावा लागतो, हे मदतनीसाकडून दोन-तीनदा करून घ्या. हिब्रूचे थोडे अवघड आहे. रोजच्या लिखाणात निकुद नसतो, त्यामुळे स्वर कोणता हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. हिब्रू पत्र ऐकताना चुका होतील असे धरून चला.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

औषधाचे नाव आणि मात्रा केवळ ऐकून पक्की करू नका. फार्मसीत विचारून घ्या. कागदाचा फोटो काढून पाठवलेला असेल तर त्यातली अक्षरे ऑर्काला वाचता येत नाहीत. आधी त्यांचा मजकूर करून घ्यावा लागतो. पासवर्ड टाकताना किंवा खासगी पत्र ऐकताना कानाला हेडफोन लावा.

नजर फारच कमी झाली असेल तर डॉक्टरांना तेऊदत इवेरबद्दल विचारा. हा दाखला समाजकल्याण मंत्रालय देते आणि त्यावर काही सवलती मिळतात. नेतान्या येथे अंध व कमी दिसणाऱ्यांसाठी मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथून ऐकण्याची पुस्तके मिळतात.

नातवंडे घरी आली की त्यांच्याकडून चिठ्ठी वाचून घेण्याऐवजी या वेळी एवढेच सांगा, "मला हा आवाज सुरू करून दे, बाळा." पुढची चिठ्ठी तुम्हीच आधी ऐका.