‘चित्रपट पडला’ म्हणजे नेमके काय झाले?

साहित्यकृतीचे चित्रपटात होणारे माध्यमांतर आपण मागील घटकात पाहिले. आता अशा चित्रपटाच्या आर्थिक भवितव्याकडे वळू. ‘चित्रपट पडला’ असे आपण सहज म्हणतो. भाषेच्या अभ्यासकाची खोड समजा, पण या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. पडणारा चित्रपट हाच कर्ता. त्याला पाडणारा किंवा आधार नाकारणारा कोणी वाक्यात दिसतच नाही. स्वतंत्र निर्मितीच्या बाबतीत ही वाक्यरचना आपली दिशाभूल करते.

‘तीसरी कसम’ (१९६६) हे उदाहरण घ्या. फणीश्वरनाथ रेणू यांच्या ‘मारे गए गुलफाम’ या कथेवरील हा चित्रपट गीतकार शैलेंद्र यांनी स्वतः निर्माण केला. दिग्दर्शन बासू भट्टाचार्य यांचे, छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे, प्रमुख भूमिका राज कपूर आणि वहीदा रहमान यांच्या. म्हणजे उणीव गुणवत्तेची नव्हती आणि प्रसिद्ध नटांचीही नव्हती. ‘शैलेंद्र कवी होते, व्यापारी नव्हते’ एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. पाठीशी मोठ्या संस्थेचे भांडवल नसले की पैसा तुकड्यातुकड्याने, बहुधा कर्जाऊ येतो. चित्रीकरण रेंगाळते आणि व्याज चढत राहते. येथेही निर्मिती काही वर्षे लांबली. पुढे गाठ वितरकाशी. तो परिचित साच्याला किंमत देतो. गाडीवान हिरामन आणि नौटंकीतील हिराबाई यांची ताटातूट त्याला जोखीम वाटते. शेवट सुखान्त करण्याचा आग्रह शैलेंद्र यांनी मानला नाही, हे सर्वश्रुत आहे. प्रदर्शनानंतर चित्रपटाला प्रेक्षक लाभला नाही. १४ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी शैलेंद्र निवर्तले. सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटाला पुढे मिळाला, तेव्हा निर्माता हयात नव्हता.

आजची यंत्रणा वेगळी दिसते, पण मल्टिप्लेक्समध्ये तिकिटाच्या उत्पन्नातील वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा असतो आणि नंतर उतरत जातो. त्यातून वितरकाचे कमिशन व जाहिरातीचा खर्च वजा झाल्यावर जे उरेल ते निर्मात्याचे. मौखिक प्रसिद्धीवर चालणाऱ्या चित्रपटाला प्रेक्षक सापडू लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर वाटा घटलेला असतो, आणि खेळ भर दुपारी ढकललेला किंवा काढूनच टाकलेला असतो.

याउलट श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच त्याचा प्रेक्षक ठरलेला होता.

स्वयं-अध्ययन : जवळच्या चित्रपटगृहात या आठवड्यात लागलेल्या एखाद्या अल्पखर्ची मराठी चित्रपटाचे किती खेळ आहेत आणि ते कोणत्या वेळी आहेत, याची नोंद करा. पुढील शुक्रवारी पुन्हा पाहा. मग ‘पडला’ हे क्रियापद टाळून, खरा कर्ता सांगणारे एक वाक्य लिहा.