कुवेतपासून अंजनवेलीपर्यंत

गेल्या महिन्यात वाचनालयाने आमच्या अभ्यासमंडळाची शनिवारची खोली काढून घेतली. चारपाचच माणसे येतात, हे त्यांचे कारण. कारण खरे आहे, म्हणूनच जास्त लागले.

मंडळ सुरू झाले ते कुणा विद्वानाच्या हौसेतून नव्हे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाडीगणिक कुणी ना कुणी आखातात होते. पत्र येईना, फोन लागेना. तेव्हा भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या गुरुजींनी वाचनालयात नकाशा टांगला आणि कुवेत, बगदाद, अम्मान ही वाट बोटाने दाखवली. समोरच्या बायकांची नजर त्या बोटावरून हलत नव्हती. पुढे एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली, त्यांत आमचीही होती. परतलेला एक फिटर मंडळाचा पहिला वक्ता झाला.

सोव्हिएत संघ मोडला, गॅट व्यापार करारातल्या डंकेल प्रस्तावावरून वाद पेटला, त्याची टिपणे वहीत आहेत. मला मात्र आठवतो तो एन्रॉनचा काळ. १९९३ च्या डिसेंबरात राज्याच्या वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाशी करार केला. प्रकल्प गुहागर तालुक्यात, अंजनवेलीला. म्हणजे जग आमच्या खाडीत येऊन उभे राहिले होते. एक निवृत्त अभियंता, एक आंबा बागायतदार आणि बँकेतला एक कारकून यांनी कितीतरी शनिवार नुसता दर समजून घेण्यात घालवले. दर डॉलरशी बांधलेला. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. जागतिक बँकेने पैसा द्यायला नकार का दिला, यावर कडाक्याची भांडणे झाली. प्रकल्पाच्या बाजूचेही येत. पोरांना काम हवे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने करार रद्द केला आणि पुढे नव्याने केला. त्याच सुमारास वाचनालयातल्या काही वजनदार मंडळींनी ‘इथे राजकारण नको’ म्हणून विषय बंद करायला लावला. अमेरिकेच्या निवडणुकीवर बोललेले चालत होते, अंजनवेलीवर नाही. हे मी त्यांना आजही माफ केलेले नाही. मे २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले.

नंतरची वीस वर्षे पाहुण्या वक्त्यांची. खुर्च्या भरत, टाळ्या पडत, प्रश्न कुणी विचारत नसे. गुरुजी गेले, नकाशा कपाटावर गेला. आज युक्रेन म्हणा, गाझा म्हणा, ज्याचे त्याचे मत आधीच पक्के असते आणि ऐकायची तयारी कुणाचीच नसते.

तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मुलगा बोटीवर असलेल्या एका आईने मला भर बाजारात विचारले, “भाऊ, हे बाब-एल-मंदेब नेमके कुठे?” तिला हा प्रश्न घेऊन यावेसे वाटावे, असे मंडळ उरले नव्हते.

नकाशा आणि वह्या मी घरी आणल्या आहेत. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला आमच्या ओटीवर बसू. ज्यांचे कुणी बोटीवर किंवा आखातात आहे, त्यांनी आधी यावे.