हापशाभोवतीचा ओटा आणि मुंबईची चित्रकार

तुमच्या गावचा हापसा डोळ्यांपुढे आणा. दांड्याखाली वीतभर चिखल, त्यात रुतवलेल्या चार विटा, आणि भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कमरेला बसणारा हिसका. हापसा बसवताना पाइप किती फूट खाली गेला ते लिहून घेतात. हंडा किती फूट वर जायचा आहे, ते कोणी लिहून घेत नाही.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली त्यांत एक चित्रकार बाई होती. तिची हकीगत आपल्या घरच्या बायकांनी, आणि चित्रे काढणारे पोर घरात असेल त्या वडिलांनीही, वाचावी अशी आहे.

आपल्या गडचिरोलीला लागून पलीकडे बस्तर. तिथले कोंडागाव पितळेच्या ओतीव मूर्तींसाठी नावाजलेले. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळायच्या, वरून माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळ ओतायचे. एका साच्यातून एकच मूर्ती. या कामात जयदेव बघेल यांचे नाव देशभर झाले. नवज्योत अल्ताफ या चित्रकार-शिल्पकार १९४९ साली मेरठला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि मुंबईतच राहिल्या. १९९७ पासून त्या कोंडागावी येऊन काम करू लागल्या. राजकुमार कोर्राम, गेस्सुराम विश्वकर्मा आणि लाकूड कोरणाऱ्या शांतीबाई हे तिथले कलावंत त्यांचे सोबती झाले.

मग शहरी बाई आणि आदिवासी कारागीर म्हटले की जे होते तेच झाले का? चित्र एकाचे, हात दुसऱ्याचे, नाव पहिल्याचे? तसे होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापले शिल्प आपल्या मनाने घडवायचे, शेजारी बसून एकमेकांचे पाहायचे, बोलायचे, अशी रीत त्यांनी धरली. पुढे गावासाठी एकत्र काही बांधावे असे ठरले, तेव्हा नजर गेली ती हापशाकडे.

हापशाच्या जागेला तिथे नलपार म्हणतात. गावकऱ्यांशी बोलून नलपारचे आराखडे झाले. पाणी वाहून जायला नीट उतार आला. हंडा टेकवायला टप्प्याटप्प्याच्या जागा आल्या, म्हणजे तो खालून एका दमात उचलायला नको. भोवतीच्या भिंतींवर तिथल्याच चालीरीतींतल्या खुणा उठवल्या. हे शिल्पही आणि पाणवठाही. प्रदर्शनातल्या शिल्पाला हात लावू नका म्हणतात. इथे बाया त्यावर घागर ठेवतात! मुलांसाठी ‘पिला गुडी’ बांधल्या. गुडी म्हणजे देऊळ, आणि ‘पिला’ ऐकताच आपल्याला पिल्लू आठवतेच. मुलांनी जमावे, खेळावे, शिकावे यासाठी ही जागा.

आता पैशाची बाजू. सिमेंट, दगड यांचा हिशोब समजतो. पण गवंड्याला रोज मिळतो, सुताराला मिळतो, आणि सहा महिने लोकांचे ऐकत बसणाऱ्या कलावंताला? “बसून काय केले?” असे आपणच विचारतो. खरे काम त्या बसण्यातच असते. ते टाळले की हापशाभोवती नुसती नक्षी उरते आणि चिखल तसाच राहतो. अशा वेळाला पैसा देणारे थोडे. बस्तरच्या सुरुवातीच्या कामाला बंगळूरच्या ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ने अनुदान दिले. ही संस्था सरकारी नाही. १९९३ साली ती देणग्यांच्या बळावर उभी राहिली आणि १९९५ पासून कलावंतांना व अभ्यासकांना पैसे देत आली आहे. तिच्याकडे अर्ज इंग्रजीतच करावा लागतो असे नाही, आपल्या भाषेतही करता येतो.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही शिष्यवृत्ती आहे. पंचवीस ते चाळीस वयाच्या कलावंताला महिना १०,००० रुपये, चाळिशीपुढच्याला २०,०००, दोन वर्षे. ती व्यक्तीच्या कामासाठी आहे, गावच्या बांधकामासाठी नव्हे. जाहिरात निघाली की वयाची अट आणि रक्कम पुन्हा तपासून घ्या. आपल्या राज्यातले वृद्ध कलावंतांचे मानधन वेगळे. ते म्हाताऱ्या शाहिराच्या औषधपाण्याला, आणि तेही हवेच. पण हाती जोर असताना गावात बसून काम करू पाहणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

एवढे करूनही सगळ्या अडचणी मिटत नाहीत. जागा सार्वजनिक म्हणजे परवानगी आली, आणि अनुदानाची मुदत संपली तरी बांधलेल्याची डागडुजी राहतेच. म्हणून अर्ज करणाऱ्याने पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे, की पाच वर्षांनी फुटलेला काठ कोण लिंपणार?

हंडा टेकवायचा ओटा मात्र अनुदानाची वाट न पाहता बांधता येईल. फक्त त्याची उंची गवंड्यावर सोडू नका. उंच सून, ठेंगणी सासू आणि कळशी नेणारी दहा वर्षांची पोर, तिघींना हापशाजवळ उभे करा आणि खडूने भिंतीवर तीन रेघा मारा.