"माझ्या नावावर काहीच नाही" म्हणणाऱ्याची मालमत्ता कशी शोधावी?

उसने दिलेले चार लाख परत मिळेनात म्हणून तुम्ही दावा लावला. निकाल तुमच्या बाजूने लागला, हुकूमनामा हातात आला, आणि समोरचा म्हणाला, "माझ्या नावावर काहीच नाही." इथेच बरेच लोक हात टेकतात. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत, हे खरे. पण 'काहीच नाही' हेही दरवेळी खरे नसते. रोख लपवता येते, सोने लपवता येते. जमीन आणि घर जागचे हलत नाही. लपते ते मालकाचे नाव, आणि नाव बदलायचे तर बहुधा कुठल्या तरी दफ्तरात कागद करावा लागतो.

पहिली विचारणा न्यायालयामार्फत करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ प्रमाणे, हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकली तर ऋणकोने आपल्या सगळ्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा अर्ज तुमचा वकील करू शकतो. न्यायालयाने सांगूनही ते दिले नाही तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज करण्याआधीच खासगी गुप्तहेरावर पैसे खर्च करू नका. कोणी तुम्हाला ऋणकोच्या बँक खात्याचा उतारा 'काढून देतो' म्हणाला, तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका; ती माहिती बेकायदा मिळवलेली असते.

प्रतिज्ञापत्र आले की ते पडताळायचे. शेतजमीन असेल तर महाभूलेख संकेतस्थळावर गाव निवडून नावावरून शोध घेता येतो. ८-अ उताऱ्यात त्या खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका जागी दिसते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा कळतो. पण खरी गोष्ट फेरफारात असते. तुमची वकिली नोटीस मार्चमध्ये गेली आणि एप्रिलमध्ये बक्षीसपत्राने जमीन पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर चढली, हे फेरफाराची तारीख सांगते. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका पाहा. दुय्यम निबंधकाकडे दोन सूची असतात: सूची १ माणसांच्या नावावरून, सूची २ मिळकतीवरून. लोक फक्त 'इंडेक्स टू' मागतात. तुम्हाला मिळकत माहीत नसून माणूस माहीत असेल, तर उपयोगाची सूची १. फी भरून या सूची कोणालाही पाहता येतात.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऋणकोने कधी आमदारकीची किंवा खासदारकीची निवडणूक लढवली असेल, तर त्याने स्वतःची, पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता शपथेवर जाहीर केलेली असते. नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या उमेदवारांकडूनही असे शपथपत्र घेतात. पराभूत उमेदवाराचेही चालते!

मालमत्ता परराज्यात निघाली तर महाराष्ट्रातली सवय उपयोगी पडत नाही. समजा, पुण्याच्या ऋणकोचे घर चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये आहे. तिथे सातबारा मागू नका. चंदीगड हे आखून वसवलेले शहर. सेक्टरमधले भूखंड प्रशासनाने वाटले, आणि त्यांचे वाटप व हस्तांतरण यांचे दफ्तर सेक्टर १७ मधल्या इस्टेट ऑफिसात असते. काही सदनिका हाउसिंग बोर्डाच्या असतात, त्यांची नोंद बोर्डाकडे. घराचा हिस्सा विकण्याची पद्धतही तिथे २०२३ पर्यंत होती, म्हणून 'मालक कोण' एवढ्यावर न थांबता 'कोणाचा किती हिस्सा' असे विचारा. मुखत्यारपत्रावर घर 'विकण्याची' चालही बरीच वर्षे होती. अशा कागदाने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले. म्हणजे ऋणकोने घर असे विकले असेल तर दफ्तरी तोच मालक असू शकतो, आणि असे घेतले असेल तर दफ्तरात भलत्याचेच नाव दिसते. घर सापडले तरी पुण्याचे न्यायालय त्यावर थेट जप्ती आणत नाही. संहितेच्या कलम ३९ खाली हुकूमनामा चंदीगडच्या न्यायालयाकडे पाठवून घ्यावा लागतो.

दाव्याच्या काळात जमीन विकली तर? पैशांचा दावा चालू आहे एवढ्याने विक्री थांबत नाही. हा गैरसमज महागात पडतो. ऋणको मालमत्ता फुंकायच्या बेतात आहे असे दाखवता आले तर आदेश ३८, नियम ५ प्रमाणे निकालाआधीच जप्ती मागता येते. जप्तीनंतर केलेली खासगी विक्री तुमच्या हक्काविरुद्ध टिकत नाही. आधीच नाव फिरवले असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ आहे: धनकोंना बुडवायला केलेले हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मात्र प्रामाणिकपणे, मोल देऊन घेणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून बक्षीसपत्र मोडणे सोपे, खरे खरेदीखत मोडणे अवघड. बेनामी कायद्याची तक्रार करण्याआधी हेही जाणून घ्या की, त्या कायद्याने जप्त झालेली मालमत्ता सरकारजमा होते. तुमच्या हाती येत नाही. शिवाय शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळलेले आहे.

आता ठेवीदारांविषयी. पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावाखाली सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून पैसे घेतले. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले. पैसे आले नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या २ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जमिनी अनेक सहयोगी कंपन्यांच्या नावांवर पसरलेल्या; त्या शोधा, कागद जुळवा, विका आणि पैसे वाटा, हे काम वर्षानुवर्षे चालले. परतावा छोट्या रकमांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. ज्यांनी मूळ प्रमाणपत्र एजंटाच्या हवाली केले, त्यांची पंचाईत. समितीने सांगितल्याशिवाय ते कोणालाही देऊ नका, असे म्हणूनच बजावले गेले.

महाराष्ट्रात बुडवणाऱ्या वित्तीय संस्थांसाठी १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, आहे. त्याखाली संस्थेबरोबर प्रवर्तक, भागीदार आणि संचालकांचीही मालमत्ता सरकार जप्त करू शकते, आणि वाईट हेतूने ती ज्यांच्याकडे वळवली त्यांच्यापर्यंतही न्यायालय पोहोचू शकते. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यायची. जप्तीनंतर मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, पण त्याला प्रत्येक गावातली जमीन ठाऊक नसते. संचालकाने तुमच्या तालुक्यात मेव्हण्याच्या नावाने घेतलेला मळा तुम्हाला माहीत असेल, तर गट क्रमांक आणि फेरफार क्रमांक लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या.