तिकीटखिडकीवर मानलेले आभार

सॅन अँटोनिओ (टेक्सास), ऑगस्ट

जूनच्या मध्यापासून इथं दुपारचा पारा ३५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला सुटलेल्या असतात, मुलं घरात मावत नाहीत आणि सगळं शहर पाण्याच्या दिशेनं निघतं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली चार घरंही मिळून एका वॉटर पार्कला गेली. आधी गाड्यांची रांग, मग तिकिटाची रांग. तिकीटखिडकीच्या काचेवर दरपत्रक होतं आणि त्याच्या खाली एक वेगळी ओळ: मिलिटरी, टीचर्स, फर्स्ट रिस्पॉन्डर्स यांना सवलत, ओळखपत्र दाखवावं.

माझ्यापुढे उभ्या असलेल्या तरुणानं पाकिटातून लष्कराचं कार्ड काढलं. खिडकीतली मुलगी जेमतेम अठराची असेल. तिनं कार्ड पाहिलं, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस.’ त्यानं मान लववली. मागे त्याची बायको, तीन मुलं आणि सासू उभी होती. सगळ्यांची तिकिटं कमी दरात निघाली, आणि मंडळी आत पळाली.

हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा, पण इथं तो रोज हजार जागी घडतो. हा देश स्वतःला कोणाचा देणेकरी समजतो, ते त्या एका ओळीत लिहिलेलं आहे. तिन्ही नावं एका दमात घेतली जात असली, तरी तिघांचं देणं सारखं नाही.

पहिलं नाव लष्कराचं आहे. सॅन अँटोनिओ स्वतःला ‘मिलिटरी सिटी, यूएसए’ म्हणवतं. त्या नावाची शहरानं कायदेशीर नोंदणीही करून घेतली आहे. लॅकलँड, रँडॉल्फ आणि फोर्ट सॅम ह्यूस्टन हे तीन तळ शहराच्या अंगाखांद्यावर आहेत. हवाई दलात शिपाई म्हणून भरती होणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं प्रशिक्षण लॅकलँडला होतं. तिन्ही दलांतले वैद्यकीय मदतनीस फोर्ट सॅम ह्यूस्टनला शिकतात. दीक्षान्त संचलन पाहायला देशभरातून आईवडील येतात, आणि मग दोन दिवस गणवेशातलं पोर आणि त्याच्याकडे डोळे भरून बघणारी आई शहरात जागोजागी दिसतात. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्या ओळखीचं. त्यामुळे घरातला माणूस फौजेत असणं म्हणजे काय, हे मला नव्यानं समजून घ्यावं लागलं नाही. नवं वाटलं ते एवढंच, की इथं त्या माणसाची दखल दुकानदार घेतो.

असं नेहमीच नव्हतं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचं स्वागत झालं नाही. युद्धाबद्दलचा राग लढून आलेल्यांच्या वाट्याला गेला. १९७३ साली सक्तीची भरती बंद झाली आणि सैन्य स्वेच्छेनं येणाऱ्यांचं झालं. त्यानंतर सैनिक नसलेल्या घरांची संख्या वाढत गेली. १९८२ साली वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनामच्या मृतांची भिंत उभी राहिली, तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक वृद्ध गृहस्थ त्या युद्धातून आलेले आहेत. टेक्सासच्या वाहन परवान्यावर माजी सैनिकाला ‘व्हेटरन’ असा शब्द छापून घेता येतो, तसा त्यांच्या परवान्यावर आहे. नातवंडांसाठी तिकिटं काढताना त्यांनी तो परवाना काचेखालून सरकवला, तेव्हा माझ्या मनात आलं की यांना हे आभार ऐकायला तीसएक वर्षं थांबावं लागलं असणार.

कारण आभारांची ही लाट खरी उसळली ती २००१ च्या सप्टेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर. तरुण पोरं अफगाणिस्तानात आणि मग इराकमध्ये जाऊ लागली आणि मागची चूक पुन्हा करायची नाही, असं लोकांनी जणू ठरवून टाकलं. तेव्हा सीवर्ल्ड आणि बुश गार्डन्स ही उद्यानं अ‍ॅनहायझर-बुश या बिअर कंपनीच्या मालकीची होती. कंपनीनं २००५ साली सेवेतल्या सैनिकाला आणि त्याच्या तीन कुटुंबीयांना एका दिवसाचा प्रवेश मोफत देणारी योजना काढली. २००९ मध्ये उद्यानं विकली गेली, मालक बदलले, पण योजना नाव बदलून चालू राहिली. आता एखाद्या मोठ्या उद्यानात सैनिकांना सवलत नसेल, तर लोकांनाच चुकल्यासारखं वाटतं.

यात व्यापार आहे का? आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. दरपत्रकावरचा पूर्ण दर इथं फार थोडे लोक भरतात. आधी ऑनलाइन काढलं तर तिकीट स्वस्त पडतं, आठवड्याच्या मधल्या वारी गेलं तर कधी आणखी स्वस्त, आणि हंगामाचा पास घेतला तर दोन-तीन फेऱ्यांत वसूल. वॉटर पार्कचा खर्च गर्दीवर फारसा अवलंबून नसतो. पंप चालायचेच, पाणी गाळून आणि क्लोरीन घालून फिरवायचंच, प्रत्येक घसरगुंडीच्या माथ्याशी आणि पायथ्याशी जीवरक्षक उभा हवाच. त्यामुळे आणखी एक कुटुंब आत आलं तर मालकाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. उलट ते कुटुंब गाडी लावण्याचे पैसे देतं, लॉकर घेतं, दुपारी पिझ्झा खातं. सैनिक एकटा येत नाही, बारदानासकट येतो. छावणीच्या आत करमणुकीच्या तिकिटांची वेगळी कचेरीही असते आणि तिथला दर पुष्कळदा खिडकीवरच्या सवलतीपेक्षा कमी असतो. म्हणून जुनेजाणते फौजी खिडकीवर कार्ड काढतच नाहीत, त्यांच्या हातात तिकीट आधीपासून असतं. ऑनलाइन खरेदीत ओळख पटवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, त्यांपैकी आयडी.मी ही कंपनी २०१० मध्ये इराकमध्ये लढून आलेल्या एका माजी अधिकाऱ्यानं सुरू केली. हा सगळा हिशेब मला माहीत आहे, आणि तरीही खिडकीतल्या त्या मुलीचे आभार मला खरे वाटले. नऊ महिने कोरियात काढून परत आलेल्या बापाला पोरांबरोबर पाण्यात दिवस घालवता येणं ही लहान गोष्ट नाही.

आता ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’. संकटाच्या जागी आधी धावून जाणारे म्हणजे अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरचे प्रथमोपचारक. त्या हल्ल्यांत न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा अग्निशमन दलाचे ३४३ जण त्यांत गेले. सगळे बाहेर पळत असताना ते जिने चढत होते. हा शब्द घरोघरी पोचला तो त्यानंतर. माझा एक समज मात्र इथं येऊन दुरुस्त झाला. आग विझवणारा म्हणजे सरकारी पगारी माणूस, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात या देशातले जवळजवळ ६५ टक्के अग्निशामक स्वयंसेवक आहेत. दिवसा कोणी गॅरेज चालवतो, कोणी शाळेची बस. कमरेला लावलेलं यंत्र वाजलं की हातातलं काम टाकून पळायचं. शहरात पगारी दलं असतात, पण गाव जसजसं लहान, तसतशी मदार या माणसांवर.

जुलै २०२५ मध्ये इथून वायव्येला डोंगराळ भागात ग्वादलूपे नदीला रात्रीतून पूर आला. मध्य टेक्सासमध्ये शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. मदतीला आधी पोचले ते गावोगावचे स्वयंसेवक. बर्नेट परगण्यातल्या एका स्वयंसेवी दलाचे प्रमुख बचावाला जाताना स्वतःच वाहून गेले. हीच ग्वादलूपे पुढे न्यू ब्राउनफेल्स गावातून वाहते. तिथं तिला कोमल नदी मिळते. कोमल अवघ्या चार किलोमीटरांची, झऱ्यांतून उगवणारी, बारा महिने २२ अंशांच्या आसपास राहणारी. तिच्या काठी १९७९ साली एका कुटुंबानं श्लिटरबान हे वॉटर पार्क काढलं. जर्मन वसाहतकारांनी १८४५ मध्ये वसवलेल्या या गावाला शोभेल असं हे नाव, अर्थ निसरडी वाट. उद्यानाच्या जुन्या भागात अजूनही नदीचंच पाणी खेळतं. त्या पुरानंतर मी तिथं गेले, तेव्हा ट्यूबवर पडून तरंगणाऱ्या पोरांकडे बघताना पाण्याची दोन्ही रूपं डोळ्यांपुढे होती. पगार न घेता पुरात उतरणाऱ्या माणसाला त्याच पाण्यात खेळायला चार डॉलर कमी पडावेत, यात मला कोणाचंही नुकसान दिसत नाही.

तिसरं नाव शिक्षकांचं, आणि इथं माझा जीव अडकतो. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. इथं आमच्या शेजारीण सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी खिडकीवर शाळेचा बिल्ला दाखवला आणि सवलत घेतली. घेताना त्यांचा चेहरा त्या सैनिकासारखा नव्हता. आत लाटांच्या तलावाकाठी बसल्यावर त्यांनी कारण सांगितलं. सैनिकाला सरकार आधीच पुष्कळ देतं. युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा १९४४ सालचा आहे, शिवाय माजी सैनिकांसाठी वेगळी रुग्णालयं आहेत. त्यावर तिकिटात सूट मिळाली तर ती वरकड. शिक्षकाचं तसं नाही. सरकारी पाहणीनुसार २०१४-१५ या शालेय वर्षात सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःच्या खिशातून खर्च केला, सरासरी ४७९ डॉलर. कागद, पेन्सिली, हात पुसायचे टिश्यू, एखाद्या पोराचा डबा. २०२५ सालच्या आयकरात अशा खर्चातले ३०० डॉलर उत्पन्नातून वजा करता येत होते, बस्स. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांनी नऊ दिवस शाळा बंद ठेवून पगारवाढ मिळवली. टेक्सासमध्ये त्यांना संपाला कायद्यानंच बंदी आहे.

‘आभार मानतात ते चांगलंच आहे,’ बाई म्हणाल्या, ‘पण पगार वाढला असता, तर मी पूर्ण तिकीट आनंदानं काढलं असतं.’

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. मला मात्र उवाल्डे आठवत होतं. ते गाव इथून पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. २४ मे २०२२ रोजी तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या, आणि पोलिसांना वर्गात शिरायला तासाहून अधिक वेळ लागला. तेव्हापासून या भागात शिक्षक आणि फर्स्ट रिस्पॉन्डर ही दोन नावं शेजारी शेजारी वाचताना मनात काय काय येतं, ते मी लिहू शकत नाही. त्या वर्गांत सगळ्यांत आधी पुढे झाल्या त्या बाईच.

आपल्याकडे सवलत म्हटलं की सरकार आठवतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. रेल्वेनं मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली, तर लोक खासदाराला जाब विचारू शकले. इथली सवलत दुकानदाराच्या मर्जीवर असते. ती प्रेमानं दिली जाते आणि गाजावाजा न करता काढूनही घेता येते. मागायचा हक्क कोणाला नाही. म्हणूनच त्या काचेवर कोणाचं नाव आहे, याइतकंच कोणाचं नाही हेही मला महत्त्वाचं वाटतं. करोनाच्या साथीनंतर अनेक ठिकाणी परिचारिकांचं नाव जोडलं गेलं, ते योग्यच झालं. पण त्याच दुपारी पार्कच्या रस्त्यापलीकडे एका छपरावर माणसं डांबरी कौलं ठोकत होती. ऑस्टिन आणि डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी प्यायला आणि सावलीत बसायला मिळावीत, असे नियम केले होते. सॅन अँटोनिओतही तशी चर्चा चालू होती. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं शहरांचे असे नियम निष्प्रभ करणारा कायदा केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या मजुरांना तिकिटात सूट नको आहे. त्यांना भर उन्हात घोटभर पाण्याची सुट्टी हवी आहे, आणि ती त्यांच्या हक्काची आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये तीन दिवस शालेय वस्तूंवरचा विक्रीकर माफ असतो. आम्ही पार्कहून आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते तीन दिवस आले. दुकानात शेजारीणबाई भेटल्या. ढकलगाडी रंगीत खडू, वह्या आणि टिश्यूच्या खोक्यांनी भरली होती. यादी त्यांच्या हातात होती आणि त्या एकेक वस्तूवर खूण करत होत्या. ‘यंदा २४ मुलं आहेत,’ त्या म्हणाल्या, आणि वह्यांची आणखी दोन पुडकी गाडीत टाकली.