केंदाळाचं वजन

सकाळी सातला रंकाळ्यावर पोचले, तेव्हा दोघंजण कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. जलपर्णीला कोल्हापुरात केंदाळ म्हणतात. त्या केंदाळाच्या पलीकडून जाड दोराचा वळसा घातलेला, आणि काठावरचे चौघे त्याची दोन टोकं ओढत होते. हिरवा थर घड्या पडत इंचाइंचानं सरकत होता.

"दिसतंय पाल्यासारखं, उचलून बघा की, ताई," पाण्यातले मामा म्हणाले.

एक रोप उचललं. देठाचा फुगवटा नखानं चिरला, तर आत स्पंजासारखी जाळी. तिच्यातल्या हवेवरच ते तरंगतं. खाली काळसर, पिसांसारख्या मुळ्यांचा झुबका. त्याचं निथळणं काही थांबेना. केंदाळाच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे ही माणसं दिवसभर पाट्यांनी पाणीच वाहतात.

दोर ताणला की रोपांना जोडणारे आडवे धुमारे तुटतात आणि टोकाची पिल्लं सुटून मागं राहतात. एक मावशी जाळीनं ती वेचत होत्या. कंटाळवाणं काम, पण सगळ्यात मोलाचं. ऊन आणि सांडपाण्याचं खत मिळालं, की राहिलेलं केंदाळ पंधरवड्यात दुप्पट होऊ शकतं. शिवाय गाळातलं बी पंधरा-वीस वर्षं टिकतं.

थर सरकला तिथं काळं पाणी उघडं पडलं आणि वास आला. वर झाकण, म्हणून खाली उजेड नाही; उजेड नाही, म्हणून पाण्यातल्या वनस्पतींकडून प्राणवायू नाही; उरलासुरला कुजणारी पानं खातात. मासे तडफडतात. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या मात्र याच मुळ्यांना चिकटून त्यांतली हवा घेतात. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जगभर नेली, ती जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी!

दुपारी काठावर पुरुषभर ढीग झाला. मामा ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागले होते. "आज न्हाई उचललं, तर पावसात परत तळ्यातच जाणार." खरंच होतं ते. केंदाळानं शोषलेलं नत्र-स्फुरद ढीग काठावरच कुजला तर झिरपून पुन्हा पाण्यात उतरतं, आणि पुढच्या पिकाचं खत होतं. दूर नेलेली प्रत्येक ट्रॉली तेवढं खत कमी करते. नाल्यातून येणारं खत मात्र चालूच राहतं.

जेवायची वेळ झाली. सगळे पायऱ्यांवर बसले. तळं हाताच्या अंतरावर होतं. मामांनी घरून आणलेला कॅन उघडला आणि त्यातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले.